दोन वर्षांचं पोर, ऑटिझमची (स्वमग्नतेची) शंका आहे खरं निदान झालेलं नाही, घरच्यांशी कसं बोलायचं? (खानापूर तालुका)

लाल_माती

नमस्कार सगळ्यांना. मी अर्ली इंटरव्हेन्शनचं काम करते, म्हणजे ज्या बारक्या पोरांचं बोलणं, खेळणं, चालणं मागं पडालंय असं वाटतं त्यांच्या घरी जाऊन आईबापांबरोबर काम करायचं. शिक्षण स्पेशल एज्युकेशनचं, आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन आहे. आधी बेळगाव शहरात एका सेंटरवर होते, तिथं पोरगं आमच्यापर्यंत यायच्या आधी कुठल्यातरी डॉक्टरनं काय ते सांगून झालेलं असायचं. आता खानापूर तालुक्यात गावांतनं फिरते, जांबोटीच्या वरच्या अंगाला, आणि इथं बऱ्याच वेळा पहिली शंका मलाच येते, माझ्याआधी कुणी काही बोललेलं नसतं.

सध्या एक घर आहे (ओळखू येऊ नये म्हणून बारीकसारीक बदललंय). मुलगा दोन वर्षांच्या आतबाहेर. नावानं हाक मारली तर वळत नाही, खरं कुरकुऱ्याचं पाकीट फोडलं की आतल्या खोलीतनं पळत येतो. बोट करून काही दाखवत नाही, पाहिजे असेल तर आईचं मनगट धरतो आणि तिचा हात नेऊन डब्यावर ठेवतो, तोंडाकडं बघत नाही. वर्षाचा असताना दोनतीन शब्द होते ते गेलेत. जुन्या सायकलचं पेडल हातानं गरागरा फिरवत बसतो, उठवलं तर घर डोक्यावर घेतो. आज्जीचं म्हणणं, याचा बाप पण चौथ्या वर्षी बोलला, आता बघा गोव्यात कामाला आहे, सौंदत्तीला यल्लम्माला नवस बोलून झालाय, होईल सगळं. बाप सुट्टीला येतो तेव्हा पोराला मोबाईल देतो. आईचं माहेर चंदगडला, तिकडचे म्हणालेत कोल्हापूरला दाखवा, सासरचे म्हणालेत कुठंच दाखवू नका. आई माझ्याशी फारसं बोलत नाही, फक्त दारापर्यंत सोडायला येते आणि तिथं हळूच विचारते, मॅडम बोलंल नव्हं?

तर मला विचारायचंय ते असं. निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टर नाहीतर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनं करायचं, मग मी तोंडातनं ऑटिझम हा शब्द काढावा का? काढला तर चूक ठरलं तर काय, नाही काढला तर ते जाणारच नाहीत कुठं. दुसरं म्हणजे घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, मोबाईलवर इंग्लिश ऱ्हाइम्स, आणि एका ठिकाणी त्यांना सांगितलंय की पोर गोंधळलंय, एकच भाषा ठेवा, तीही कन्नड ठेवा कारण शाळा कन्नड असणार आहे. आईला कन्नड धड येत नाही, त्यामुळं ती पोराशी बोलायचीच बंद झालीय म्हणा ना. आणि तिसरं, मोठ्या दवाखान्याची तारीख मिळेपर्यंत मधल्या दिवसांत मी काय करायचं, नुसतं थांबा म्हणून सांगवत नाही.

वाचा_श्रवण_बेळगाव

मॅडम, मी स्पीच आणि हिअरिंगवाला, म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत शिकलेला, टिळकवाडीच्या बाजूला बरीच वर्षं काम करतोय. तुमचा तिसरा प्रश्न पहिला घेतो.

आधी कान. पाकिटाचा आवाज ऐकतो म्हणजे कान चांगले असं धरून चालू नका, सर्दीनं कानाच्या पडद्यामागं पाणी साठलेलं असतं किंवा काही पट्ट्यातलेच आवाज ऐकू येतात अशी पोरं मी पाहिलीत, पाकीट ऐकतात आणि आईचं बोलणं पुसट ऐकतात. ओएई आणि बेरा या कानाच्या दोन तपासण्या करून घ्या, बेळगावात होतंय. याचा एक फायदा असा की ‘कान तपासून घेऊया’ याला कुठल्याच आज्जीची ना नसते, घर एकदा दवाखान्याच्या वाटेला लागतं.

दुसरं, तुमच्याकडं एम-चॅट आर, म्हणजे ऑटिझमची शंका तपासायची प्रश्नावली, आहे ना? सोळा ते तीस महिन्यांच्या पोरांसाठी, २० प्रश्न, हो-नाहीचे. तुमचं पोर बरोबर त्या वयात आहे. शंकेची उत्तरं ३ ते ७ आली तर पुढचे खोलात जाणारे प्रश्न विचारायचे, ८ किंवा वर आली तर थेट डॉक्टरकडं पाठवायचं. खरं फॉर्म आईच्या हातात देऊन खुणा करून घेऊ नका, आमच्याकडं आया परीक्षेचा पेपर असल्यासारखं सगळ्याला हो म्हणतात. बोट दाखवतो का विचारलं तर हो, आणि कसं दाखवतो विचारलं की कळतं की हात ओढून नेतो. प्रत्येक प्रश्नाला ‘काल असं कधी केलं ते सांगा’ म्हणायचं. आणि हे स्क्रीनिंग आहे, निदान नाही, हे त्यांना पण सांगायचं आणि स्वतःला पण.

भाषेचं ज्यानं सांगितलंय त्याला माझा नमस्कार सांगा. दोन भाषांत वाढल्यानं ऑटिझम होत नाही, वाढत नाही, आणि ऑटिझम असलेल्या पोरांचं बोलणं दोन भाषांमुळं आणखी मागं जातं असंही अभ्यासात सापडलेलं नाही. बेळगावात एका भाषेचं घर दाखवा मला. वडगावात विणकराच्या घरी कन्नड, शेजारी मराठी, दुकानात हिंदी, पोरं सगळी बोलतात. दोन वर्षांच्या पोराला आईनं ज्या भाषेत रागावता, लाडावता, गाणं म्हणता येतं ती भाषा पाहिजे. मोडक्या कन्नडमधनं आई काय बोलणार, ‘बा’ (ये) आणि ‘बेड’ (नको), संपलं. तिला उद्याच जाऊन सांगा की मराठीत भरपूर बोल. एवढं एकच काम या आठवड्यात झालं तरी चालेल.

मधल्या दिवसांत काय करायचं तर आईला शिकवायचं. तुम्ही आठवड्यातनं एकदा जाणार, पोराचा जागेपणाचा बाकी सगळा वेळ त्या बाईकडं आहे. तुम्ही पोराला घेऊन बसलात आणि आई चहा करायला गेली तर ती फेरी फुकट गेली समजा. पेडल फिरवतो ना, आईला त्याच्यासमोर, त्याच्या उंचीला बसवा आणि तिला पण फिरवू दे. तो थांबला की ती थांबेल, तो फिरवला की ती फिरवेल आणि ‘फिरलंऽऽ’ म्हणेल. काढून घ्यायचं नाही, ‘हे काय आहे सांग’ म्हणून प्रश्नांचा मारा करायचा नाही. एकदा त्याला लक्षात आलं की हे माणूस आपण करतो ते करतंय की तो वर बघतो, अर्धा सेकंद का होईना. तेवढं आईच्या नजरेला पडलं पाहिजे. तिचाच मोबाईल घ्या, दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि तिलाच दाखवा, ‘बघा इथं त्यानं तुमच्याकडं बघितलं’.

हे काय माझ्या मनचं नाही. पास म्हणून एक अभ्यास आपल्या शेजारी गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीत झाला, २०१६ ला छापून आला. ६५ पोरं होती, आणि आईबापांना शिकवणारे मोठे स्पेशालिस्ट नव्हते, ट्रेनिंग दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते, व्हिडिओ दाखवून शिकवायचे. आईबाप पोराच्या कलानं घ्यायला लागले आणि पोरं स्वतःहून आईबापांशी संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. सगळंच सुधारलं असं नाही, पण घाटाखाली जमलं ते घाटावर जमणार नाही असं नाही.

निपाणीची_आई

मी कुणी प्रोफेशनल नाही, माझा मुलगा आता शाळेत जातो, ऑटिझम आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देते कारण त्या दारात उभी राहून विचारणारी मी पण होते.

सांगा. म्हणजे धाडकन नको, पण सांगा. आम्हाला घरी येणाऱ्या एक मॅडम खूप गोड होत्या, दर वेळी ‘थोडा उशीर आहे, बघूया, करूया’ म्हणायच्या, आणि त्यांच्या वहीत काय लिहिलंय ते मला दिसायचं. मी रात्री मोबाईलवर तोच शब्द शोधत बसायची आणि सकाळी त्यांच्यासमोर काही माहीत नसल्यासारखं. दोघी पण एकमेकींपासून तीच गोष्ट लपवत होतो. आईला माहीत नसतं असं समजू नका, तिला सगळ्यात आधी माहीत असतं, फक्त विचारायला माणूस नसतं. दुसऱ्या एक बाई आल्या त्यांनी सरळ विचारलं, तुम्हाला स्वतःला कशाची भीती वाटतीय? मी म्हटलं ऑटिझमची. त्या म्हणाल्या मला पण तीच शंका आहे, खात्री करायला डॉक्टर लागतील, तोपर्यंत आपण हे हे करूया. मी खूप रडले आणि मग त्या रात्री नीट झोपले.

‘बोलंल नव्हं’ ला हो म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका. कुणालाच माहीत नसतं. आम्हाला आवडलेलं उत्तर असं होतं की बोलेल का ते आज सांगता येत नाही, पण तुम्हाला काय पाहिजे ते सांगायला मात्र तो शिकेल, तोंडानं, हातानं किंवा चित्रानं, आणि ते आपण आजपासून सुरू करतोय. माझा मुलगा बोलतो, कमी बोलतो, निपाणीच्या बाजारात त्याच्या चित्रांच्या वहीतनं लिंबू दाखवून लिंबू आणतो.

आणि कृपा करून मोबाईलवरनं आईला बोलू नका. मोबाईल कमी केलाच पाहिजे, बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांच्या आत अजिबात नको म्हणते आणि पुढं पाच वर्षांपर्यंत तासाभराच्या आत, ते खरं आहे. पण आजकाल ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात, मोबाईल बंद केला आणि ऑटिझम गेला, त्याच्यानं आमच्या घरात महिनोन्‌महिने भांडणं झाली. सासूबाई प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या हिनं मोबाईल देऊन पोर बिघडवलं. तंबाखूच्या वखारीत दिवसभर काम करून आलेली बाई संध्याकाळी भाकरी थापताना पोराला मोबाईल देते ती काय हौस म्हणून देत नाही. तिला सांगायचं असेल तर भाकरीच्या वेळी दुसरं काय करता येईल ते सांगा. आम्ही त्याला पिठाचा गोळा दिला आणि शेजारी बसवलं. पहिले काही दिवस सगळं पीठ भिंतीला.

अंगणवाडी_अक्का

सगळे शिकलेले लोक बोलालेत म्हणून लिहू का नको करत होतो. खानापूर तालुक्यातच अंगणवाडी चालवतो, वीस वर्षं होत आली. (हो आमच्याकडं बायका पण करतो-जातो म्हणतात, हसू नका.)

निपाणीच्या ताईंचं बरोबर आहे खरं गावात शब्द सांगताना एक बघा. अंगणात उभारून बोलायचं नाही. शेजारीण कपडे वाळत घालायचं निमित्त काढून ऐकत असतीय, दुसऱ्या दिवशी नळावर ‘त्यांचं पोरगं याडं हाय म्हणं’ सुरू. त्या पोराला मग बारशाला बोलवत नाहीत, बहिणीच्या सोयरिकीत विचारतात. आत जाऊन बसा, आईला एकटीला नको आणि सासूला एकटीला पण नको, दोघींना धरून सांगा. सासूला वगळून सुनेला सांगितलं की सासू म्हणणार ह्या बाईनं हिच्या डोक्यात भरवलं. आणि बाप गोव्यात असला तरी व्हिडिओ कॉल लावा की, बापाला नंतर बायकोच्या तोंडातनं कळलं तर तो तिच्यावरच चिडतोय.

नवसाला हात लावू नका. आज्जीला म्हणायचं यल्लम्माला पण जाऊया आणि कान पण तपासूया. आज्जी आपल्या बाजूला आली की निम्मं काम झालं, कारण आमच्या गावांत पोराला दिवसभर बहुतेक आज्जीच सांभाळतीय, सुना काजूच्या कामाला जातात. ते पेडलचं खेळणं आज्जीला शिकवा, आज्ज्या लई चांगल्या खेळतात, त्यांना घाई नसतीय.

आता कामाचं. आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, पोरं तपासायची) गाडी वर्षातनं दोन वेळा अंगणवाडीत येतीय, २०१३ पासनं योजना आहे, त्यांच्या यादीत विकासातला उशीर, वागण्यातला फरक, ऑटिझम हे सगळं बसतंय. खरं ते एका दिवसात ढीगभर पोरं बघतात, वजन-उंची, दात, त्वचा, आणि हे पोर गप पेडल फिरवत बसलंय म्हटल्यावर शहाणं पोर म्हणून पुढं जातात. तुम्ही आधी टीचरला सांगून ठेवा आणि तुमचा एम-चॅटचा कागद तायी कार्डात (आई-बाळाच्या कार्डात) घालून द्या, म्हणजे ते जिल्ह्याच्या डीईआयसीला, म्हणजे अशा पोरांच्या सरकारी केंद्राला, लिहून पाठवतात. तिथं एकाच जागी डॉक्टर, कान, बोलणं, फिजिओ असं असायला पाहिजे, कधी एखादं पद रिकामं असतंय, आधी फोन करून जावा. तिथं पैसे लागत नाहीत.

बसचं पण बायकांना सांगा, २०२३ पासनं शक्ती योजनेत आपल्या साध्या बसला तिकीट नाही, आधारवर कर्नाटकाचा पत्ता पाहिजे तेवढं. ती चंदगडची आहे म्हणालात, लग्नानंतर आधारचा पत्ता बदलला नसंल तर आधी ते करून घ्या. बऱ्याच सुना इथंच अडकतात.

फॉर्म सगळे कन्नडात असतात. ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठीचा पुनर्वसन कार्यकर्ता असतोय, व्हीआरडब्ल्यू म्हणतात, त्याला धरा. स्वतः भरायच्या नादाला लागू नका, एक काना चुकला की परत.

पाळणा_आणि_स्टेथो

बालरोगतज्ज्ञ आहे, सीमाभागातच. थोडक्यात लिहितो, ओपीडी सुरू आहे.

असलेले शब्द गेले ही गोष्ट रेफरल चिठ्ठीत पहिल्या ओळीत लिहा. मोठा होईल तसा बोलेल म्हणून थांबायचं पोर हे नाही. बाप उशिरा बोलला हे आज्जीचं म्हणणं पण लिहा, त्याचा अर्थ ती लावते तसाच असेल असं नाही, घराण्यात असणं हीही माहितीच आहे.

ऑटिझम रक्तात किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. पोराला बघून, खेळवून, आईबापांशी बोलून निदान होतं आणि अनुभवी माणूस दोन वर्षांच्या सुमारास ते करू शकतो. एमआरआय, ईईजी सरसकट लागत नाहीत, फिटची शंका असेल किंवा तपासताना काही वेगळं आढळलं तर सांगतो. हिमोग्लोबिन बघून घ्या, आमच्याकडं पोरांत रक्त कमी असणं फार, आणि त्यानं पण पोर चिडचिडं, झोप नाही, असं होतं.

घरचे लसीवर येणार, तयारीत राहा. एमएमआर लसीचा (गोवर, गालगुंड, रुबेला) ऑटिझमशी संबंध सुचवणारा जो पेपर १९९८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता तो २०१० साली त्याच नियतकालिकानं मागं घेतला, त्यानंतर लाखो मुलांवरच्या अभ्यासांत एमएमआर आणि ऑटिझमचा संबंध सापडलेला नाही. पुढचे डोस थांबवू देऊ नका.

आणि स्टेम सेलचे (मूळ पेशींचे) उपचार. कुणीतरी नातेवाईक मोठ्या शहरातली जाहिरात पाठवेल, लाखांत पैसे, ‘बरा होतो’. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक सूचनांत ऑटिझमसाठी ते उपचार म्हणून मान्य नाही. शेत विकून गेलेले लोक मी पाहिलेत, आणि परत आल्यावर थेरपीला बसभाड्याचे पैसे नव्हते. निदानाच्या दिवशीच हे सांगून टाकायचं, नंतर सांगितलं तर उशीर झालेला असतो.

लाल_माती

सगळ्यांना मनापासून थँक्यू. अक्का तुम्ही माझ्याच तालुक्यात निघालात म्हणजे भेटायलाच पाहिजे.

भाषेचं मी आजच सांगून आले, आईचा चेहरा बघायला पाहिजे होता, म्हणाली म्हणजे मी गाणी म्हटली तर चालतंय? आणि आज्जीला पेडल दिलं तर तिनं स्वतःहूनच त्याच्या पुढ्यात बसून ‘घुर्र घुर्र’ सुरू केलं, मला शिकवायची गरजच पडली नाही.

शब्दाचं अजून नाही काढलं, बाप पुढच्या आठवड्यात येतोय तेव्हा तिघांसमोर बोलायचं ठरवलंय. दोन गोष्टी राहिल्यात. अपंगत्वाचं सर्टिफिकेट आत्ताच काढायला सांगू का? आणि कानाची तपासणी पोर झोपल्याशिवाय होत नाही म्हणतात, हे पोर नव्या जागी डोळा मिटत नाही, मग कसं करायचं?

निपाणीची_आई

सर्टिफिकेटची घाई नको, निदान होऊ दे, घरच्यांना पचू दे. पण होईल तेव्हा काढाच. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय त्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) देशभर चालतं त्यामुळं उद्या बाप गोव्याला घेऊन गेला किंवा ती माहेरी कोल्हापूरकडं थेरपीला गेली तरी तेच कार्ड. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत मिळतं, त्यात थेरपीचा पण खर्च धरतात, त्यालाही हे सर्टिफिकेट लागतं. आमच्या नातेवाइकांत ‘कार्ड काढलं म्हणजे शिक्का बसला’ असं होतं, ते कुणीही समजावून जात नाही, पहिला क्लेम मंजूर झाल्यावर आपोआप गेलं.

बापासमोर बोलाल तेव्हा त्याला पण काहीतरी करायला द्या. नुसतं ऐकवलं की आमचे हे उठून बाहेर जायचे. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं तोंडानं आवाज काढायचे, बैल, बस, कोंबडा, एवढंच काम त्यांना दिलं होतं. पोर बघायचं नाही सुरुवातीला, तरी करायचे.

वाचा_श्रवण_बेळगाव

बेराचं सांगतो. शक्यतो दुपारच्या झोपेची वेळ मागून घ्या. आदल्या रात्री उशिरा झोपवायचं, सकाळी लवकर उठवायचं आणि मुख्य म्हणजे खानापूर ते बेळगाव बसमध्ये डोळा लागू द्यायचा नाही, सगळी पोरं तिथंच झोपतात आणि आमच्याकडं आल्यावर टक्क जागी. आज्जीला बरोबर आणा, खिडकीत बसवून म्हशी मोजायला लावा. पोटभर खायला आमच्याकडं आल्यावर द्या. त्याची रोजची गोधडी आणा, आमच्या चादरीवर हे पोर पडणार नाही. पेडल सुटं होत असेल तर ते पण आणा. झोपलाच नाही तर ओएई त्या दिवशी करून घेऊ, त्याला गाढ झोप लागत नाही, थोडा वेळ शांत बसला तरी होतं. औषध देऊन झोपवायचं झालं तर ते डॉक्टर समोर असतानाच, मेडिकलमधनं कुणी सिरप आणून घरनं पाजून आणू नका हे त्यांना दोनदा सांगा.